फॉर्च्युनरचे जाम झालेले फिलर प्लग: रबाळ्यातलं एक प्रकरण

गाडी २०१० ची फॉर्च्युनर, ३ लिटर डिझेल, मॅन्युअल, फुल टाइम फोर बाय फोर. मालक ऐरोलीच्या दिवा गावचे, त्यांना सगळे नाना म्हणतात, मासळीचा धंदा, त्यामुळे गाडी दिवसाआड जेट्टीवर. भरतीला जेट्टीच्या उताराला पाणी चढतं, चिखल असतो, बर्फाचं खारट पाणी सांडलेलं असतं, आणि नाना चाक अर्धं बुडेपर्यंत गाडी मागे घेतात कारण फोर बाय फोर घेतलीच त्यासाठी. वरून गाडी चकाचक, दर रविवारी फोम वॉश. खालून मात्र कोणी कधी बघितलेलं नाही.

तक्रार अशी की ठाणे-बेलापूर रोडला साठच्या वर गेलं की मागून घूं असा आवाज येतो. आमच्या रबाळ्याच्या गाळ्यात गाडी आली तेव्हा म्हटलं बेअरिंगचं नंतर बघू, आधी चारही ठिकाणचं तेल बदलू, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा), पुढचं हौसिंग, मागचं हौसिंग (चाकं फिरवणाऱ्या डिफरेन्शियल गिअरचे डबे), तेलाचा रंग बघितला की अर्धी गोष्ट तिथेच कळते. नाना खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तेलच बदलाचा हाय ना, त्याला कवरा येळ?"

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो कारण या अख्ख्या प्रकरणात तीच सगळ्यात कामाची आहे. तेल बदलताना ड्रेनला, म्हणजे खालच्या तेल सोडायच्या प्लगला, हात नंतर, फिलर आधी. ज्या भोकातून तेल भरायचं ते उघडत नाही आणि तुम्ही खालून सगळं तेल सोडून बसलात तर गाडी तिथेच उभी, टोइंगशिवाय हलत नाही. जुनं तेल कितीही वाईट असलं तरी ते आत असेल तर गाडी हळूहळू का होईना दुसऱ्या गॅरेजला जाते. हे सगळ्यांना माहीत असतं तरी पोरं खालचा ड्रेन सैल करून मोकळी होतात कारण तो हाताशी येतो आणि तेल पडायला लागलं की काम सुरू झाल्यासारखं वाटतं.

तर आठही प्लग, म्हणजे चारही ठिकाणची ही भोकं बंद करणारे बोल्ट, आधी फक्त बघितले, पाना लावला नाही. वायर ब्रश, डिझेल, जुना टूथब्रश, आणि जोराची टॉर्च. याला वेळ लागतो, गिऱ्हाईकाला वाटतं टाइमपास चाललाय, पण जाम प्लगमधे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की तो कशामुळे जाम आहे, आणि त्याचं उत्तर जोर लावायच्या आधीच मिळतं. जोर लावून प्लगचे कोपरे गोल झाले की मग फक्त तुटफूट दिसते, कारण दिसत नाही.

गिअरबॉक्सचे दोन्ही सोपे. मागच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल पाझरत होतं, सगळ्यावर काळा चिकट थर, आणि त्याच थराने प्लग वाचवले. चोवीसचा सॉकेट लावला, टक करून सुटले. गळक्या गाडीचे नटबोल्ट सहज उघडतात हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे, अर्थात म्हणून गळती ठेवा असं नाही.

बाकी सहातले ड्रेन तिन्ही लांब टॉमीने (सॉकेट फिरवायच्या दांड्याने) सुटण्यासारखे दिसत होते, म्हणून ते तसेच सोडले. अडचण तिन्ही फिलरची होती, आणि तिघांची तीन कारणं.

पुढच्या हौसिंगच्या फिलरला बाहेरून षटकोन नसतो, आत दहा एमएमची अ‍ॅलनची खाच असते. खालची लोखंडी प्लेट काढल्यावर तो समोर आला, आणि खाच दिसेचना, सपाट. चिखल आणि खडी आत जाऊन त्याचं सिमेंट झालेलं. पोकरने कोरून कोरून काढलं तेव्हा कळलं की खाच चांगली खोल आहे पण वरच्या तीन-चार एमएममधे कोपरे गोल झालेत, आणि त्याच्या खाली अगदी कोरे धारदार. म्हणजे आधी ज्याने कोणी प्रयत्न केला त्याने घाण न काढताच चावी घुसवली, ती वरच्यावर बसली, फिरवली आणि खाल्ली. पूर्ण आत बसलेली चावी सहसा स्लिप मारत नाही. हे फोटो काढून नानांना दाखवलं कारण नंतर "तुम्हीच गोल केला" असं व्हायला नको.

ट्रान्सफर केसचा फिलर बाहेरून चांगला, चोवीसचा षटकोन शाबूत, फक्त कडेने पांढरी भुकटी. पांढरी भुकटी दिसली की समजायचं अ‍ॅल्युमिनियम खातंय. ट्रान्सफरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, प्लग स्टीलचा, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो आणि त्याची जी भुकटी होते तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, ती आट्यांमधे ठासून बसते.

मागचा सगळ्यात वाईट. स्टीलचं हौसिंग, स्टीलचा प्लग, दोघांचा लाल गंज एकमेकांत मिसळलेला, षटकोनाचे कोपरे गेलेले. आणि इथे एक बारीक गोष्ट दिसली. प्रत्येक कोपऱ्याची एकच बाजू घासलेली होती, आणि ती बाजू सोडवायची नव्हती, आवळायची होती. म्हणजे कोणीतरी याला इम्पॅक्ट गनने मरेस्तोवर आवळलंय, किंवा गाडीखाली उलटं झोपून सोडवतोय समजून आवळत बसलंय. दुसरं वाटतं तितकं दुर्मिळ नाही. मागच्या हौसिंगचा फिलर मागच्या बाजूला असतो, डोकं पुढे करून झोपलेला माणूस हात वळवून पाना लावतो आणि दिशा गंडते. मी पोरांना खडूने हौसिंगवर बाण काढायला लावतो, हसतात पण काढतात. नाना म्हणाले मागच्या सर्व्हिसला दुसरीकडे नेली होती, मग ते जुनं बिल दाखवलं, त्यावर लिहिलेलं "क्राउन ऑईल चेंज", म्हणजे मागच्या हौसिंगचं तेल बदललं, आणि मला तेव्हाच वाटायला लागलं होतं की हा प्लग त्या वेळी उघडलाच नसावा.

काम सुरू करायच्या आधी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पुढचा आणि मागचा फिलर नवीन आणि सगळे वॉशर मागवून ठेवले, जुना प्लग वाचवायचा हट्ट नसला की हात मोकळा चालतो. दुसरं म्हणजे नानांना रेट सांगितला, सरळ उघडले तर इतके, गरम करून उघडले तर इतके, वेल्डिंग लागलं तर इतके, आणि आटे गेले तर वेगळं बोलू. असं आधी बोललं की शेवटी आवाज चढत नाहीत. नाना कुरकुरले, मग चहा मागवला, म्हणजे झालं.

रात्रभर तिन्ही प्लग भिजवत ठेवले. डब्ल्यूडी फॉर्टीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, तो साधा निळा-पिवळा डबा मुळात ओलावा हटवायला बनवलाय, गंज फोडणाऱ्या पेनेट्रंटचं काम तो तितकं करत नाही. पेनेट्रंटच घ्या, नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, स्वस्त आणि चांगलं, फक्त ते सारखं हलवावं लागतं कारण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, आणि अ‍ॅसिटोन भडकतं, त्यामुळे जिथे नंतर गॅस किंवा वेल्डिंग होणार तिथे ते अजिबात नको. म्हणून मागच्या प्लगला साधं पेनेट्रंट आणि तेही सकाळी पुसून धुऊन काढलं. अर्थात जो प्लग वॉशरवर दाबून बसलाय त्याच्या आट्यांपर्यंत बाहेरून तेल पोचायलाच वाट कमी, त्यामुळे स्प्रे मारून चमत्कार होईल ही आशा मी ठेवत नाही.

स्प्रेपेक्षा जास्त काम ठोका करतो. पितळी ड्रिफ्ट प्लगच्या मध्यावर धरून सरळ, आवळायचं नाही सोडवायचं नाही, फक्त सरळ आत ठोके, गंजाचा थर ठिसूळ असतो तो त्याने तडकतो. हौसिंगला दणकून, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला बेताने.

सकाळी आधी पुढचा घेतला. खाच कॉम्प्रेसरने साफ, क्लीनर, परत हवा. दहाचा इम्पॅक्टचा अ‍ॅलन बिट पूर्ण तळाशी बसतोय का ते खडूची खूण करून बघितलं, बसला, पण वरचे कोपरे गेल्यामुळे थोडा हलत होता. म्हणून दहाच्या ऐवजी टी५५ चा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखा) बिट हातोडीने ठोकून बसवला, तो थोडा मोठा असतो, गोल झालेल्या खाचेत स्वतःच्या धारा कोरून घट्ट बसतो. आणि हे ठोकणं हाच वर सांगितलेला ठोका पण होतो, एका दगडात दोन पक्षी. टॉमी लावली, आधी केसभर आवळायच्या दिशेला, मग उलटं. कड्क असा आवाज आला, पोरगा दचकला, त्याला वाटलं बिट तुटला. बिट नाही, गंज तुटला होता. प्लग बाहेर. तेल जुनं पण स्वच्छ, पाण्याचा मागमूस नाही, पुढच्या ब्रीदरचा (आतली हवा ये-जा करायच्या वाटेचा) पाईप वर इंजिनच्या खोलीत नेलेला असतो त्यामुळे जेट्टीचं पाणी तिथवर पोचत नाही.

ट्रान्सफरला जोर करायचाच नाही असं ठरवलं होतं. पाईप लावून मोकळं होणं सोपं आहे पण हिशोब बघा, ६० किलोचा पोरगा एक मीटर पाईपच्या टोकाला लटकला तर जवळपास ६०० न्यूटन मीटर होतात, आणि असे प्लग कंपनी आवळायला सांगते ४० च्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमचे आटे तेवढ्यात प्लगसकट बाहेर येतात, मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग), मग ट्रान्सफर खाली. इथे उष्णता कामाची, कारण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, डिग्रीला दहा लाखात २३ भाग, स्टील १२. आटे १८ एमएमचे, तापमान १०० डिग्रीने वाढवलं तर भोक प्लगपेक्षा साधारण २ शतांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण त्या भुकटीची पकड सुटायला पुरतं. गॅसची ज्योत मात्र नाही, शेजारीच आउटपुट शाफ्टचं सील आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खाली बसतं. हीट गन घेऊन प्लगच्या भोवतीची बॉडी गोल गोल तापवली, प्लगवर नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायचं, चर्र करून लगेच उडाला की बास. मग सहा कोनी सॉकेट, बारा कोनी नाही, बारा कोनी कोपऱ्यावर टेकतो आणि खातो, सहा कोनी सपाट बाजूवर टेकतो.

हलला. आणि हलल्यावर पोरगा खूश होऊन एकदम फिरवायला गेला त्याला थांबवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात भुकटी असताना सलग फिरवलं तर ती घासत घासत आटे घेऊन बाहेर येते. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पेनेट्रंट, परत पाव बाहेर. कंटाळवाणं आहे. प्लग बाहेर आला तेव्हा पहिल्या दोन आट्यांत चांदीसारखी किनार अडकलेली, म्हणजे थोडं अ‍ॅल्युमिनियम गेलंच, पण आतले आटे शाबूत. नंतर १८ बाय दीडचा टॅप (आटे साफ करायचं हत्यार) ग्रीस भरून हाताने फिरवला, ग्रीस भरायचं कारण चुरा त्यात चिकटतो, आत पडत नाही.

आता मागचा. इथे ट्रान्सफरची युक्ती चालत नाही, कारण दोन्हीकडे स्टील, तापवलं तर दोघं सारखेच फुगणार. इथे उलटं करायचं असतं, प्लगच तापवायचा, तो फुगायला बघतो, आजूबाजूचं हौसिंग थंड असतं ते त्याला दाबून ठेवतं, मग निवताना तो आकसतो आणि गंजाची पकड तुटते. आणि कोपरे गेल्यामुळे पकडायला तसंही काही नव्हतं. तेवीसचा सॉकेट ठोकून बघितला, धरून धरून घसरला. छिन्नी लावून कडेने ठोकणं हा पर्याय होता पण इतक्या आवळलेल्या प्लगला छिन्नी फक्त ओरखडे काढते.

म्हणून शेजारच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यातून वेल्डरभाईंना बोलावलं. वेल्डिंगच्या आधीची तयारी वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ खाते आणि ती खाऊ द्यावी. बॅटरीची निगेटिव्ह काढली. अर्थचा क्लॅम्प हौसिंगलाच, प्लगच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी, चेसिसला नाही, कारण चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर बारीक खड्डे पाडतो. ब्रेकचा पाईप, एबीएसची वायर आणि डिझेलच्या टाकीची बाजू ओल्या गोणपाटाने झाकली. आग विझवायचा सिलिंडर हाताशी, कोपऱ्यात नाही.

आणि ब्रीदर. हौसिंगच्या वर एक छोटी टोपी असते, त्यातून आतली हवा ये-जा करते. बंद डब्यात तेल असताना बाहेरून तापवायचं आणि हवेला वाट नाही, हे परवडत नाही. ती काढायला गेलो तर ती चिखलाने पूर्ण बंद. तिथेच नानांच्या घूं आवाजाची गोष्ट उलगडली. गाडी हायवेने येते, हौसिंग गरम, आतली हवा फुगलेली, आणि तशीच जेट्टीच्या पाण्यात मागे घेतली की एकदम गार, हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. दर खेपेला थोडं थोडं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे खाडी आत शिरली." तसंच.

चोवीसच्या सॉकेटचा नट म्हणजे एम१६ चा, तो घेतला, त्यावरचं झिंक ग्राइंडरने उडवलं कारण झिंक जळालं की धूर वाईट असतो आणि वेल्ड पण धरत नाही. प्लगच्या डोक्यावर नट मधोमध ठेवून भाईंनी आतून भरायला सुरुवात केली, नटाच्या भोकातून प्लगवर, थोडं थोडं, थांबून थांबून. सलग मारलं की हौसिंग पण तापतं आणि मग आकसण्याचा फायदा जातो. लाली गेल्यावर मेणबत्ती प्लगच्या कडेला टेकवली, मेण वितळून स्वतःच फटीत ओढलं जातं, स्प्रेसारखा भडका नाही. आणि मग कोणालाच हात लावू दिला नाही, पूर्ण कोमट होईपर्यंत. या वेळात घाई करणारे नट तोडून घेतात.

टॉमी लावली आणि फार जोर लागलाच नाही. दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवत बाहेर. वॉशर बघितला तर एकाऐवजी दोन एकावर एक, मधे अ‍ॅनाबाँड गमचा जाड थर, आट्यांवर पण तोच, म्हणजे प्लग गळत होता म्हणून कोणीतरी नवीन वॉशर न टाकता वरून वरून गम भरला आणि वर गनने आवळला. म्हणजे प्लग कधीतरी उघडला होता, माझा अंदाज तेवढा चुकला.

तिन्ही फिलर उघडल्यावर ते आणि बाकी सगळं तात्पुरतं परत लावून रबाळे ते ऐरोली एक चक्कर मारली म्हणजे तेल पातळ होईल, मग ड्रेन सोडले. मागून आलं ते तेल म्हणायचं की चहा, दुधाळ, खाली तर नुसतं पाणी. ड्रेन प्लगच्या चुंबकाला करडी पेस्ट असते ती चालते, सगळ्या हौसिंगला असते, पण इथे पेस्टमधे तांबूस गंज आणि बोटाला टोचणारे दोन कण. ते कण पांढऱ्या कागदावर ठेवून नानांना दाखवले. चपटे होते, बेअरिंगच्या पृष्ठभागाचे पापुद्रे, गिअरचा दात तुटला असता तर तुकडा जाड असता.

मागच्या हौसिंगला स्वस्तातलं तेल भरून थोडं चालवून काढलं, परत तेच, पाणी यायचं बंद झाल्यावर मग ७५डब्ल्यू९० जीएल-५ (हौसिंगच्या जड गिअरसाठीचं तेल). गिअरबॉक्सला मात्र जे मॅन्युअलमधे आहे तेच, सगळीकडे एकाच कॅनमधून ओतू नये, सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगच्या) पितळेला प्रत्येक जीएल-५ मानवतं असं नाही. भरायचं गाडी सपाट उभी असताना फिलरमधून धार बाहेर येईपर्यंत, मग धार थेंबावर आली की प्लग. नवे प्लग, नवा एकच वॉशर, आट्यांना बोटभर तेल, गम नाही, आणि टॉर्क पान्याने आवळले. बाहेरच्या षटकोनाभोवती थोडं ग्रीस थापलं, आणि पुढच्या अ‍ॅलनच्या खाचेत ग्रीस भरून टाकलं म्हणजे चिखलाला जागाच नाही. ब्रीदरची टोपी काढून तिथे नळी जोडली आणि वर टाकीच्या तोंडाजवळ नेऊन बांधली.

मागचा फिलर उघडलाच नसता तर काय, हे नानांनी विचारलंच. तर ब्रीदरच्या भोकातून मोजून तेल घालता येतं, बारीक नळी आणि फनेल लावून, अख्खी दुपार जाते पण जातं. फक्त मोजून, कारण ओसंडून कळायची सोय राहत नाही. या हौसिंगला मागून काढायचं कव्हर नसतं त्यामुळे कव्हर उघडून भरू हा मार्ग इथे नाही.

बिल झालं ते तेलाच्या किमतीपेक्षा मजुरीचं जास्त. नानांनी वेल्डिंगच्या रेटवर घासाघीस केली, वेल्डरभाईंनी त्यांच्याकडून पापलेट कबूल करून घेतलं. आवाज नव्या तेलाने कमी झाला, गेला नाही, जाणारही नव्हता, पिनियनचं (हौसिंगमधे ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग बदलायचंय आणि ते गणपतीनंतर बघू असं नाना म्हणालेत. तोपर्यंत महिन्याला एकदा मागचा फिलर उघडून बोट घालून तेलाचा रंग बघायचा, आता तो चोवीसच्या सॉकेटने साध्या हाताने सुटतो.